शुगर, बीपी, टीबी, किडनी... जुना आजार असताना कंबर दुखतेय? फक्त बाम चोळून थांबू नका

दिवसभर कापूस वेचला, कांद्याची लागवड केली, वाकून खुरपलं की कंबर दुखतेच. गावात त्याला कोणी आजार म्हणत नाही. बाम चोळायचा, शेकायचं, मेडिकलमधून एक गोळी आणायची आणि सकाळी पुन्हा रानात जायचं. बहुतेक वेळा हे निभावूनही जातं. कारण कामाच्या ताणामुळे स्नायू आखडून झालेली कंबरदुखी बहुतेकांना चार ते सहा आठवड्यांत कमी होते.

पण घरातल्या ज्या माणसाला आधीच शुगर, बीपी, दमा, संधिवात, किडनीचा त्रास, टीबी, सिकलसेल किंवा कर्करोग आहे, त्याच्या बाबतीत हा हिशेब बदलतो. तिथे दोन चुका होऊ शकतात. पहिली, दुखण्याचं खरं कारण जुन्या आजारात दडलेलं असतं आणि आपण ‘काम जास्त झालं’ म्हणून महिनोन् महिने काढतो. दुसरी, कंबरेसाठी घेतलेली गोळी जुना आजारच बिघडवते. या दोन्ही चुका टाळता येतात. त्यासाठी कोणत्या आजारात पाठ किंवा कंबर कशामुळे दुखू शकते, हे माहीत असायला हवं.

साधी कंबरदुखी कशी असते?

साध्या दुखण्याचं कारण बहुधा सांगता येतं. पोतं उचललं, वाकून काम केलं, मोटारसायकलवर खड्ड्यातून लांब गेलो आणि उसण भरली. हालचाल केली की दुखतं, आडवं झालं की बरं वाटतं. ताप नसतो, वजन घटत नाही, रात्री दुखण्याने झोपमोड होत नाही. आठ-पंधरा दिवसांत फरक पडू लागतो.

अशा वेळी पूर्ण अंथरूण धरायची गरज नसते. एखाद-दोन दिवस जड काम बंद ठेवून हळूहळू चालणं-फिरणं सुरू ठेवलं तर माणूस लवकर बरा होतो.

इथे ‘मणक्यात गॅप’ या शब्दाबद्दलही सांगायला हवं. एमआरआयमध्ये गादी सरकलेली किंवा झिजलेली दिसली की घरचे घाबरतात. पण वय वाढतं तशी मणक्यांची झीज सगळ्यांचीच होते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, काहीही न दुखणाऱ्या पन्नाशीच्या लोकांपैकी सुमारे ८० टक्के लोकांच्या मणक्यात झीज दिसली होती. म्हणजे फोटोत गॅप दिसला म्हणून दुखण्याचं कारण सापडलंच, असं होत नाही. जुना आजार असेल तर ‘गॅप आहे’ एवढ्यावर तपास थांबवू नये.

शुगर असेल तर

शुगर जास्त राहिली की शरीराची जंतूंशी लढायची ताकद कमी होते. त्यामुळे अशा माणसाच्या पाठदुखीत जंतुसंसर्गाचा विचार आधी करावा लागतो.

लघवीच्या मार्गातला संसर्ग वर किडनीपर्यंत गेला तर बरगडीच्या खाली, पाठीच्या एका बाजूला दुखतं. सोबत थंडी वाजून ताप, लघवीला जळजळ, उलटी होते. शुगरच्या रुग्णात हा संसर्ग झपाट्याने वाढतो, म्हणून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

पायाची चिघळलेली जखम, गळू किंवा डायलिसिसची नळी यातून जंतू रक्तात शिरून मणक्यात बसू शकतात. तेव्हा कंबर सतत दुखते, पडून राहिलं तरी थांबत नाही आणि बारीक ताप असतो. कधी कधी तापही नसतो.

शुगरमुळे नसा खराब झाल्या तर पाठीच्या किंवा पोटाच्या एका पट्ट्यात आग होते, कपड्याचा स्पर्शही सहन होत नाही. असंच एका बाजूला पट्ट्यासारखं दुखून दोन-चार दिवसांत तिथे पाण्याचे फोड आले, तर ती नागीण असते. लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू नसेत दबून राहिलेला असतो, तो पुन्हा जागा झाला की नागीण होते. ‘नागिणीची दोन टोकं जुळली की माणूस जातो’ हा समज खोटा आहे. मात्र फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत औषध सुरू झालं तर त्याचा फायदा जास्त होतो. मंत्र, गेरू, लेप यात हे तीन दिवस घालवू नयेत.

टीबी फक्त छातीचा नसतो

टीबी म्हटलं की खोकला डोळ्यांसमोर येतो. पण टीबीचे जंतू रक्तातून हाडांतही जातात आणि हाडांच्या टीबीपैकी साधारण निम्मा मणक्यात असतो. इंग्लंडमधले शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून त्याला पॉटचा आजार असंही म्हणतात. आपल्या देशात तो आजही आढळतो.

ज्यांना आधी टीबी होऊन गेला, घरात कोणाला टीबी आहे, शुगर आहे, एचआयव्ही आहे किंवा संधिवातासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू आहेत, त्यांना धोका जास्त. दुखणं हळूहळू, आठवड्या-महिन्यांनी वाढत जातं. संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, भूक कमी, कपडे सैल होणं ही सोबतची लक्षणं. मात्र ती सगळ्यांनाच दिसत नाहीत. कित्येकांना खोकला अजिबात नसतो आणि बेडका तपासला तरी त्यात काही सापडत नाही. सुरुवातीला एक्स-रेसुद्धा चांगला येऊ शकतो. मणक्याचं बरंच नुकसान झाल्यावरच ते एक्स-रेत दिसतं. म्हणून शंका असेल तर एमआरआय आणि गरजेनुसार मणक्यातला नमुना काढून तपासणी केली जाते.

उशीर झाला तर मणका खचतो, पाठीला कुबड येतं आणि मज्जारज्जूवर दाब पडून पाय लुळे पडू शकतात. वेळेत पकडला तर बहुतेक वेळा केवळ गोळ्यांनी हा आजार बरा होतो. मात्र औषध साधारण वर्षभर, कधी त्याहून जास्त घ्यावं लागतं आणि बरं वाटलं म्हणून मध्येच सोडता येत नाही. सरकारी यंत्रणेत टीबीची औषधं मोफत आहेत. निक्षय पोषण योजनेतून उपचार सुरू असेपर्यंत आहारासाठी महिन्याला १,००० रुपये खात्यात जमा होतात. नोंदणीसाठी आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावं.

गोठ्यातून येणारं दुखणं

गाय, म्हैस, शेळी पाळणाऱ्यांनी आणखी एक नाव लक्षात ठेवावं, ते म्हणजे ब्रुसेलोसिस. जनावराचा गर्भ गाभण काळाच्या शेवटच्या महिन्यांत पडण्याचं हे एक मोठं कारण आहे. पडलेलं वासरू किंवा जार उघड्या हाताने उचलला, कच्चं दूध प्यायलं तर हे जंतू माणसात येतात. मग चढ-उतार होणारा ताप, रात्री घाम, सांधे आणि कंबर दुखणं असा त्रास अनेक आठवडे, महिने चालतो. लक्षणं टीबीसारखी असल्याने गल्लत होते, पण औषधं वेगळी असतात.

त्यामुळे ताप आणि कंबरदुखी दोन्ही असेल तर डॉक्टरांना ‘घरी जनावरं आहेत, गाभण म्हैस गाभडली होती’ हे आपणहून सांगावं. रक्ताच्या तपासणीत हा आजार कळतो. दूध उकळूनच प्यावं, वार हातमोजे घालून काढावा आणि पुरावा. चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना पशुवैद्यकीय दवाखान्यातून याची लस दिली जाते.

किडनीचा त्रास असेल तर

‘कंबर दुखते म्हणजे किडनी खराब झाली’ अशी भीती अनेकांना वाटते. प्रत्यक्षात किडनी हळूहळू निकामी होत असताना बहुधा काहीच दुखत नाही. त्यामुळेच तो आजार उशिरा कळतो. दुखतं ते मुतखड्याने किंवा संसर्गाने. मुतखड्याची कळ बरगडीखालून सुरू होऊन जांघेकडे उतरते, माणूस एका जागी बसू शकत नाही. कळ येते, ओसरते, पुन्हा येते. लघवी लालसर होऊ शकते. कळेसोबत ताप आला किंवा लघवी बंद झाली तर ती तातडीची वेळ समजावी.

किडनीच्या जुन्या रुग्णांत आणखी एक गोष्ट घडते. शरीरातलं कॅल्शियम, फॉस्फरस आणि ‘ड’ जीवनसत्त्वाचं गणित बिघडतं आणि हाडं कमकुवत होतात. त्यातून पाठ, कंबर, मांड्या दुखू शकतात. अशा रुग्णाने दुकानातून कॅल्शियमची गोळी स्वतःच्या मनाने सुरू करू नये. किती द्यायचं, द्यायचं की नाही, हे रक्त तपासूनच ठरतं.

दमा, संधिवात आणि स्टेरॉईड

दमा, संधिवात, त्वचेचे काही आजार यांत डॉक्टर स्टेरॉईडच्या गोळ्या देतात. गरजेच्या वेळी हे औषध जीव वाचवतं. पण पोटातून तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ घेतलं तर हाडं ठिसूळ होऊ लागतात. मग पाण्याचा हंडा उचलताना, जोरात शिंक आल्यावर किंवा अंगणात बसकण पडल्यावरही मणका पिचकू शकतो. पाठीच्या मधोमध एकदम तीव्र दुखतं. काहींना दुखतही नाही, फक्त उंची कमी होते आणि पाठ वाकते.

खरी अडचण छुप्या स्टेरॉईडची आहे. बाजारात, जत्रेत किंवा गावोगाव फिरणाऱ्यांकडून ‘सांधेदुखीची हमखास पुडी’ मिळते. अशा पुड्यांत स्टेरॉईड मिसळलेलं असल्याचे प्रकार आढळले आहेत. पुडीने एक-दोन दिवसांत जादूसारखा फरक पडला, भूक वाढली, तोंड गोल सुजलं, शुगर-बीपी वाढलं तर शंका घ्यावी. मात्र अनेक महिने घेतलेलं स्टेरॉईड एकदम बंद करणंही धोक्याचं असतं. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जावं, ते हळूहळू कमी करून देतात.

पाळी गेलेल्या बायकांची हाडं तशीही झिजतात. कमी वयात गर्भपिशवीसोबत अंडाशयही काढलं असेल तर ही झीज लवकर सुरू होते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भपिशवीच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये राज्यभर गाजला होता. अशी शस्त्रक्रिया झालेल्या बाईची पाठ चाळिशीतच दुखू लागली तर ‘उसाच्या मोळ्या उचलून’ एवढंच कारण धरू नये. हाडांची घनता तपासून घ्यावी. नाचणी, तीळ, दूध-ताक, अंगावर थोडं ऊन आणि रोजचं चालणं याने हाडांना आधार मिळतो. मिश्री आणि तंबाखू हाडांनाही घातक आहेत.

पोरगा तरुण आहे, तरी सकाळी उठवत नाही

वीस-पंचविशीतल्या मुलाची कंबर तीन महिन्यांहून जास्त दुखतेय, पहाटे दुखण्याने जाग येते, सकाळी अर्धा-एक तास अंग लाकडासारखं आखडतं, पण कामाला लागलं की मोकळं होतं. हे उलटं लक्षण आहे. साधी कंबरदुखी विश्रांतीने बरी होते, ही विश्रांतीने वाढते. असं असेल तर मणक्याचा संधिवात, म्हणजे अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस असू शकतो. डोळा अधूनमधून लाल होऊन दुखणं, टाच दुखणं, जुनाट जुलाब किंवा सोरायसिस सोबत असेल तर शंका आणखी पक्की होते.

अशा मुलाला घरात ‘आळशी’ ठरवलं जातं. वर्षं उलटली की मणके एकमेकांना जुळून पाठ कायमची ताठ होते. वेळेत उपचार आणि रोजचा व्यायाम मिळाला तर माणूस नेहमीसारखं काम करू शकतो.

हातापायांच्या बोटांचा जुना संधिवात असलेल्यांनी मात्र मानेकडे लक्ष द्यावं. मान दुखून हाताला मुंग्या येऊ लागल्या तर मानेला झटका देणं, न्हाव्याकडून मान मोडून घेणं टाळावं.

सिकलसेल आणि फ्लोराईड

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नंदुरबार, मेळघाट या भागांत सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि हाडांना रक्त मिळत नाही. त्यातून पाठ, कंबर, हातपाय यांत असह्य कळा येतात. पाणी कमी पिणं, थंडी, ताप, जास्त श्रम यामुळे कळ उठते. भरपूर पाणी, ऊब आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेलं औषध हा पहिला उपाय. दुखणं थांबलं नाही, ताप आला, छातीत दुखून दम लागला तर लगेच रुग्णालय गाठावं. हायड्रॉक्सियुरिया हे औषध नियमित घेतल्याने कळांचं प्रमाण कमी होतं.

काही गावांत अडचण पाण्यात असते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांतल्या काही बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे. लिटरमागे १.५ मिलिग्रॅम ही पिण्याच्या पाण्यातली कमाल मर्यादा आहे. त्याहून जास्त फ्लोराईडचं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं तर आधी दातांवर पिवळे-तपकिरी डाग येतात, पुढे पाठ ताठ होते, मान वळत नाही, उकिडवं बसता येत नाही. एकाच वस्तीत अनेकांना असा त्रास असेल तर ग्रामपंचायतीने पाण्याचा नमुना तपासून घ्यावा. हे पाणी उकळून फ्लोराईड जात नाही.

कर्करोग होऊन गेला असेल तर

स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस, किडनी आणि थायरॉईड यांचे कर्करोग हाडांत पसरू शकतात आणि मणका ही त्यांची नेहमीची जागा. उपचार पूर्ण होऊन चार-पाच वर्षं झाली असली तरी नव्याने सुरू झालेली, रात्री वाढणारी, पडूनही न थांबणारी पाठदुखी आपल्या कर्करोगाच्या डॉक्टरांना कळवायलाच हवी.

साठीच्या आसपासच्या माणसात पाठदुखी, रक्त कमी होणं आणि किडनीची तपासणी बिघडणं हे तिन्ही एकत्र दिसलं तर मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगाची तपासणी केली जाते. नुसत्या रक्तवाढीच्या गोळ्यांवर अशा माणसाचे महिने जाऊ नयेत. बायकांमध्ये कंबरदुखीसोबत अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जाणं किंवा पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं, हे लाजेपोटी लपवू नये.

दुखतं पाठीत, आजार पोटात किंवा छातीत

बीपी, शुगर किंवा हृदयविकार असलेल्या माणसाला दोन खांद्यांच्या मध्ये एकदम दाब जाणवला, घाम सुटला, दम लागला, मळमळलं तर तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. शुगरच्या रुग्णांत आणि बायकांत छातीत कळ न येताही झटका येतो. ‘गॅस झालाय’ म्हणत वाट पाहू नये.

अनेक वर्षं बीपी वाढलेलं असेल आणि पाठीत काहीतरी फाटल्यासारखी अचानक भयंकर कळ आली, तर शरीरातली मुख्य रक्तवाहिनी चिरण्याचा धोका असतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्या वयस्कर माणसात पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुगून कंबर दुखू शकते.

दारूची सवय असलेल्या माणसात स्वादुपिंडाला सूज येते. पोटाच्या वरच्या भागातली कळ थेट पाठीत जाते, जेवल्यावर वाढते आणि पुढे वाकून बसलं की थोडी कमी होते.

गोळीच आजार वाढवते तेव्हा

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, एसेक्लोफेनॅक, निमेसुलाईड या नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या. निरोगी माणसाने दोन-चार दिवस घेतल्या तर सहसा बिघडत नाही. पण जुना आजार असेल तर चित्र वेगळं असतं.

- किडनीचा आजार: या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात. आधीच अशक्त असलेली किडनी अचानक बंद पडू शकते. उन्हात काम, जुलाब किंवा उलट्यांमुळे अंगातलं पाणी कमी झालं असेल तर धोका वाढतो.
- बीपी आणि हृदयविकार: बीपी वाढतं, बीपीच्या गोळीचा असर कमी होतो, अंगावर सूज येते.
- पोटात अल्सर किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल: आतून रक्तस्राव होऊ शकतो. शौचाला डांबरासारखं काळं झालं तर लगेच दाखवावं.
- दमा: काही रुग्णांना या गोळीने दम्याचा झटका येतो.

पॅरासिटामॉल त्यामानाने सुरक्षित, पण अमर्याद नाही. सर्दीची गोळी, तापाची गोळी, अंगदुखीची गोळी अशा तिन्हींत तेच असू शकतं आणि एकूण डोस नकळत वाढतो. यकृताचा आजार किंवा रोजची दारू असेल तर प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं. ‘कंबरेचं इंजेक्शन’ आणि सलाईन यांतही बहुधा हीच औषधं असतात. सुई टोचून घेतली म्हणून ती जास्त सुरक्षित होत नाहीत.

कोलेस्टेरॉलसाठी दिल्या जाणाऱ्या स्टॅटिनच्या गोळ्यांनी काहींचे मांड्या, कंबरेचे स्नायू दुखतात. गोळी स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना सांगावं. लघवी चहासारखी गडद झाली तर त्याच दिवशी जावं.

मनाचाही वाटा असतो

वर्षानुवर्षं आजार, औषधाचा खर्च, कर्जाचं ओझं, झोप उडालेली. अशा माणसाला दुखणं जास्त जाणवतं. ते खोटं नसतं. उदासी आणि दुखणं एकमेकांना वाढवतात. इतर कारणं तपासून झाल्यावर यावरही उपचार होतो आणि त्याने कंबरेचा त्रास कमी होऊ शकतो. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

घरगुती उपाय करताना

उसण भरली की पायाळू माणसाकडून कंबरेला पाय लावून घ्यायची आपल्याकडे जुनी रीत आहे. नुसता पाय लावला तर बिघडत नाही. पण लाथ मारणं, पोरांना पाठीवर चालवणं, मणका ‘बसवून’ घेणं हे टीबी, कर्करोग किंवा ठिसूळ हाडं असलेल्या माणसाच्या मणक्याला मोडू शकतं.

शुगरच्या रुग्णाची कातडी बधिर असेल तर गरम वीट, मिठाची पुरचुंडी, गरम पाण्याची पिशवी यांचा चटका त्याला कळत नाही. मोठे फोड येऊन जखमा होतात. आधी घरातल्या दुसऱ्या माणसाने हात लावून ऊब पाहावी आणि मध्ये जाड कापड ठेवावं. डागणी तर कोणीच घेऊ नये.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

खालीलपैकी एकही गोष्ट असेल तर त्याच दिवशी, शक्यतो मोठ्या रुग्णालयात जावं. गाडी नसेल तर १०८ ला फोन करावा.

- लघवी अडकली किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला
- बसायची जागा, मांड्यांची आतली बाजू बधिर झाली
- एका किंवा दोन्ही पायांतली ताकद कमी झाली, चप्पल पायातून निसटते, चालताना तोल जातो
- पाठदुखीसोबत थंडी वाजून ताप
- छातीत-पाठीत दाब, घाम, दम लागणं
- फाटल्यासारखी अचानक तीव्र कळ, चक्कर

पहिल्या तीन खुणा म्हणजे मणक्यातल्या नसांवर दाब आल्याचं लक्षण. तिथे काही तासांचा उशीरही पाय कायमचे अधू करू शकतो.

वजन आपोआप घटणं, रात्री वाढणारं दुखणं, बारीक ताप, नुकतंच पडणं-आपटणं किंवा चार आठवड्यांनंतरही फरक नसणं, यासाठी त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावं.

दवाखान्यात जाताना काय न्यायचं, काय सांगायचं

तपासणीची वेळ थोडी असते. ओपीडीत गर्दी असते. अशा वेळी ‘कंबर दुखते’ एवढंच सांगितलं तर कंबरेचीच गोळी मिळते. म्हणून निघण्याआधी घरीच तयारी करावी.

- जुनी फाईल, आधीचे रिपोर्ट, एक्स-रे सोबत घ्यावेत.
- चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकावीत. पुडी, काढा, तेलसुद्धा.
- पहिलं वाक्य जुन्या आजाराचं असावं: ‘मला दहा वर्षांपासून शुगर आहे आणि आता महिनाभर कंबर दुखतेय.’
- दुखणं कधी सुरू झालं, रात्री वाढतं की कामाने, ताप आला का, वजन घटलं का, हे सांगावं.
- घरात टीबी, गोठ्यात गाभडलेलं जनावर, आधीची शस्त्रक्रिया, दारू-तंबाखू यातलं काही लपवू नये.
- निघताना विचारावं: ‘ही गोळी माझ्या किडनीला, बीपीला चालेल ना? किती दिवस घ्यायची?’

सुरुवात जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरातून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून करता येते. तिथे शुगर, बीपी, लघवी आणि रक्ताच्या साध्या तपासण्या होतात आणि गरज पडली तर ग्रामीण, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवलं जातं. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. शस्त्रक्रियेची वेळ आली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवून रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटावं.

सुगीच्या दिवसांत दवाखान्यासाठी एक दिवस मोडणं जिवावर येतं, रोज बुडतो. पण ज्याला जुना आजार आहे, त्याच्या कंबरेने महिनाभर तक्रार केली तर तो एक दिवस काढलाच पाहिजे. मणक्याचा टीबी असो, ठिसूळ हाडं असोत की किडनीवर पडलेला गोळ्यांचा भार, लवकर कळलं तर यातल्या बहुतेक गोष्टी आटोक्यात येतात.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. औषध सुरू करणं, बदलणं किंवा बंद करणं डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावं.)